नाइट ड्युटी, पूर्वेची खिडकी आणि अर्धवट झोप

पत्र:

ताई, मी ठाण्यातल्या एका हॉस्पिटलमध्ये स्टाफ नर्स आहे. महिन्यातून एक आठवडा, कधी दोन, नाइट असते. सकाळी नऊच्या सुमारास कळव्याला घरी येते, अंघोळ-नाश्ता उरकून दहाला आडवी होते आणि बाराच्या आत जाग येते ती येतेच. मग डोळ्याला डोळा लागत नाही. बेडरूमला एकच खिडकी आहे, पाच फूट रुंद, तीही पूर्वेला. 'ब्लॅकआउट' म्हणून ऑनलाइन गडद निळ्या पडद्यांची जोडी मागवली. तरी खोलीत सगळं दिसतं आणि पडदे ओढले की खोली आणखीच तापते. घर भाड्याचं, मालक भिंतीला भोक पाडू देत नाहीत. दुकानदार म्हणतो रोलर ब्लाइंड घ्या. मिस्टर सकाळी साडेसहाला उठतात, ते म्हणतात या पडद्यांमुळे त्यांना जागच येत नाही. सासूबाईंना दिवसाढवळ्या खोली अंधारी केलेली चालत नाही, घरात लक्ष्मी कशी येईल म्हणतात. मुलगी चार वर्षांची आहे. आता एसीच घ्यावा असं चाललंय. काय करू?

उत्तर:

तुमचं पत्र वाचून पहिल्यांदा जाणवलं ते हे, की रात्रभर दुसऱ्यांच्या आजारपणाशी झुंजून आलेल्या बाईला सलग चार तासही झोप मिळत नाहीये. हा गंभीर प्रश्न आहे. तुम्ही औषधं मोजता, सलाइनचे थेंब लावता. तुमची झोप ही तुमच्या वॉर्डातल्या पेशंटचीही गरज आहे. तेव्हा 'सवय होईल हळूहळू' असं कुणी म्हटलं तर मनावर घेऊ नका. उन्हात झोपायची सवय शरीराला होत नसते.

सध्या काहीही विकत घेऊ नका, फक्त डोळ्यांवर बांधायची एक सुती पट्टी आणा. या नाइटच्या आठवड्यात ती लावून झोपा. झोप दोन-तीन दिवसांत लांबली तर उजेड हाच दोषी. पट्टी लावूनही बाराला जाग आली आणि उशी घामाने ओली असेल, तर उकाडा. कुकरच्या शिट्टीने किंवा लेक शाळेतून आल्यावर जाग येत असेल, तर आवाज. पडद्यावर पैसे घालण्याआधी हे कळायला हवं, कारण पडदा उजेड चांगला अडवतो, उकाडा थोडासा अडवतो आणि आवाज जवळजवळ अडवत नाही. 'साउंडप्रूफ पडदे' म्हणून जे विकतात त्यांनी खोलीतला घुमणारा आवाज मऊ होतो, बाहेरचा हॉर्न मात्र स्लायडिंगच्या फटीतून येतच राहतो. फट आहे तिथून आवाज आत येणारच. स्लायडिंगच्या ट्रॅकमधली केसाळ पट्टी झिजली असेल तर ती बदलून घ्या, पडद्यापेक्षा तिचा उपयोग जास्त होईल.

तुमच्या बाबतीत उजेड आणि उकाडा दोन्ही असावेत असं मला पत्रावरून वाटतं. पूर्वेची खिडकी आणि दहाची वेळ, दुसरं काय असणार?

आपण डोळे मिटतो म्हणजे अंधार झाला असं आपल्याला वाटतं. पापणीची कातडी पातळ असते, तिच्यातून थोडा उजेड आत जातो, आणि बाहेर लख्ख ऊन असेल तर तो थोडाही पुष्कळ होतो. लक्स हे उजेड मोजायचं माप. भर उन्हाचा उजेड लाखभर लक्सपर्यंत जातो, रात्री दिवा लावलेली आपली बैठकीची खोली शे-दोनशे लक्सची असते, आणि पौर्णिमेचं चांदणं एक लक्ससुद्धा भरत नाही. डोळ्याच्या पडद्यात बघण्यासाठीच्या पेशींखेरीज आणखी एका प्रकारच्या पेशी असतात. त्या २००२ मध्ये नीट ओळखल्या गेल्या. त्यांचं मुख्य काम बाहेर दिवस आहे की रात्र, हे मेंदूतल्या घड्याळाला कळवणं. निळसर उजेडाला त्या सर्वांत चटकन उठतात, आणि सकाळच्या आकाशात निळा उजेड भरपूर असतो. त्या उठल्या की झोपेची वेळ सांगणारं मेलाटोनिन दबतं. दिवसा ते तसंही कमीच असतं, म्हणून दिवसाची झोप मुळातच उथळ. तिच्यावर उजेडाची आणखी भर कशाला?

२०२२ मध्ये अमेरिकेतल्या नॉर्थवेस्टर्न विद्यापीठात एक छोटा प्रयोग झाला होता. तरुण, निरोगी माणसांना एक रात्र शंभर लक्सच्या खोलीत झोपवलं. त्यांना झोप लागली, पण रात्रभर हृदयाचे ठोके वाढलेले राहिले आणि सकाळी शरीराचा इन्सुलिनला मिळणारा प्रतिसादही घटलेला दिसला. प्रयोगात माणसं थोडी होती, त्यामुळे त्यावरून फार मोठे निष्कर्ष काढू नयेत. पण 'झोप लागली ना, मग उजेडाने काय होतं' या म्हणण्याला त्यातून उत्तर मिळतं. त्याच वर्षी या विषयातल्या शास्त्रज्ञांच्या एका गटाने झोपताना डोळ्यांपाशी एक लक्सच्या आतच उजेड असावा अशी शिफारस केली. एक लक्स म्हणजे जवळपास काळोखच.

आता तुमचे निळे पडदे. मी घरं लावून द्यायचं काम करते, आणि ब्लॅकआउट घेऊनही अंधार न झालेल्या बेडरूम मला सारख्या बघायला मिळतात. कापड बहुतेक ठिकाणी ठीक असतं. गोम फटींमध्ये असते. उद्या सकाळी दहाला दार-पडदे सगळं बंद करा आणि पलंगावर पाच मिनिटं नुसत्या बसा. डोळे अंधाराला सरावले की उजेड कुठून येतोय ते आपोआप दिसेल. रॉडच्या वरून छताला पांढरा पट्टा पडलेला असेल. दोन्ही बाजूंना भिंतीवर उजेडाच्या उभ्या रेघा असतील. मधे दोन पडदे भेटतात तिथे चीर असेल. आणि रॉड ओवायची गोल भोकं, म्हणजे आयलेट. आयलेटच्या पडद्याला चुण्या सुंदर पडतात, पण प्रत्येक चुणीमागे वरती एक पोकळी राहते आणि तिथून ऊन छताकडे उसळतं. पांढरं छत ते अख्ख्या खोलीभर पसरवतं. वर तीन-चार बोटांची फट राहिली तर कापड कितीही काळं असो, खोलीत पेपर वाचता येतो.

जुन्या घरांत पडद्याच्या डोक्यावर लाकडी पेल्मेट, म्हणजे रॉड झाकणारी पेटी, असायचा. जुनाट दिसतो म्हणून लोकांनी तो काढून टाकला, आणि मला त्याचं मनापासून वाईट वाटतं, कारण वरचा उजेड अडवायला त्याच्याइतकं सोपं काहीच नव्हतं. तुम्हाला भोक पाडता येत नाही, तर मालकांचा जो रॉड आहे त्याच्याच दोन ब्रॅकेटवर जाड पुठ्ठ्याची पट्टी आडवी ठेवा, मागची कड भिंतीला टेकलेली आणि पुढची कड पडद्याच्या पुढे चार बोटं. पुठ्ठ्याला पडद्याच्याच रंगाचं कापड चिकटवलंत तर कुणाला कळणारही नाही.

बाजूंसाठी वेल्क्रो. एक पट्टी पडद्याच्या कडेला शिवायची, दुसरी, चिकट पाठीची, खिडकीच्या संगमरवरी चौकटीला लावायची. चौकट आधी ओल्या फडक्याने आणि मग कोरड्याने पुसून घ्या, धुळीवर चिकटवलं तर आठवड्यात सुटेल. काही जण चुंबकाच्या पट्ट्या सुचवतात. त्या लोखंडी ग्रिलला धरतात, पण आपल्या स्लायडिंग खिडक्या ॲल्युमिनियमच्या असतात आणि त्यांना चुंबक लागत नाही. ग्रिल आतल्या बाजूला असेल तरच चुंबकाच्या भानगडीत पडा. मधल्या चिरेला कपड्यांचे चार चिमटे पुरतात. दिसायला बरं नाही दिसत, पण तुम्ही झोपलेल्या असता.

कापडाचं गणितही चुकलंय असं वाटतं. तयार पडदा साधारण चार फूट पन्ह्याचा येतो. जोडी म्हणजे आठ फूट. तुमची खिडकी पाच फुटांची, दोन्ही बाजूंना एकेक फूट जास्त झाकायचं तर झाले सात. आठ फुटांचं कापड सात फुटांवर ताणलं की ते मधे मिटत नाही, कडेलाही नीट बसत नाही. रुंदीच्या दीडपट कापड हवं, म्हणजे साडेदहा फूट, म्हणजे तीन पडदे. त्याच रंगाचा आणखी एक मिळाला तर घ्या, नाही मिळाला तर दुसऱ्या रंगाचा मधे चालेल. आणि खिडकीचा पाच फुटी नको, दाराचा सात फुटी घ्या. तो खिडकीखाली दोन फूट लोंबला की खालून येणारा उजेड संपला.

कापड खरंच ब्लॅकआउट आहे का, ते मोबाइलच्या टॉर्चने बघा. पडद्याच्या एका बाजूला टॉर्च टेकवून दुसऱ्या बाजूने बघायचं. उजेडाचा ठिपका अजिबात दिसला नाही तर ते कोटिंगचं खरं ब्लॅकआउट. चांदणीसारखे बारीक ठिपके दिसले तर ते घट्ट विणीचं कापड, 'रूम डार्कनिंग'. तेही वाईट नाही, त्याला मागून अस्तर लावता येतं. जुनी गडद चादर अस्तर म्हणून शिवून घेतली तरी फरक पडतो, फक्त तिच्या उन्हाकडच्या बाजूला आणखी एक पांढरं कापड हवं. का, ते पुढे येतंच.

खोली तापते याचं कारण असं, की ऊन काचेतून आत आलं, गडद कापडावर पडलं, तिथेच त्याची धग झाली, आणि ती आता काचेच्या अलीकडे, म्हणजे तुमच्या खोलीत आहे. पडदा आणि काच यांच्यामधली हवा तापते आणि वरच्या फटीतून खोलीत उतरते. पडद्याची काचेकडची बाजू पांढरी असेल तर बरंचसं ऊन आल्या वाटेने परत जातं. म्हणून चांगल्या ब्लॅकआउटची पाठ पांढरी किंवा फिक्कट असते. तुमचे दोन्ही बाजूंनी गडद असतील तर मागून पांढरं सुती अस्तर लावाच.

पण ऊन काचेपर्यंत पोचूच न देणं हा खरा उपाय आहे. काचेबाहेरची सावली ही काचेआतल्या पडद्यापेक्षा पुष्कळ जास्त उष्णता अडवते. आपल्याकडे छज्जा असतो, पण तो डोक्यावरच्या उन्हासाठी. सकाळचं पूर्वेचं ऊन तिरपं आणि खालून येतं, छज्ज्याला वळसा घालून थेट पलंगावर. त्याला उभाच आडोसा लागतो. बांबूचा चिक आणा आणि ग्रिलला बाहेरून बांधा. भोक नको, खिळा नको. गंज न धरणारी तार किंवा नायलॉनची दोरी वरती दोन्ही टोकांना आणि खालीसुद्धा, नाहीतर वाऱ्याने रात्रभर आपटत राहील. चिक नको असेल तर नर्सरीत मिळते ती हिरवी शेडनेट. ग्रिल आणि स्लायडिंगमध्ये एक वीत जागा असते, तिच्यातून हवा खेळायला हवी, म्हणून ताडपत्री किंवा प्लास्टिकचा कागद लावू नका. काचेवर ॲल्युमिनियम फॉइल चिकटवायचं तर खास करून नाही. रंगीत काच त्याने एकीकडे जास्त तापून तडकू शकते. सोसायटी बाहेरून काही लावू देत नसेल तर सेक्रेटरींना आधी विचारून घ्या, बहुतेक ठिकाणी चिकला हरकत नसते. जून लागला की चिक काढून ठेवायचा, पावसात तो भिजला की बुरशी धरतो.

आमच्या विदर्भातल्या वाचकांना इथे वाळ्याचे ताटे आठवतील. अकोल्या-नागपूरच्या कोरड्या उन्हाळ्यात खिडकीला वाळ्याचा ताटा लावून त्यावर पाणी मारलं की आत येणारी झुळूक खरोखर गार होते. कळव्याच्या दमट हवेत मात्र पाणी मारू नका. इथे ते सुकत नाही, खोलीत नुसता ओलावा वाढतो.

म्हणून एसीचा निर्णय चिक बांधून पंधरा दिवस होईपर्यंत थांबवा. नंतर एसी घेतलात तरी तो कमी वेळ चालेल, चिकचे पैसे वाया जाणार नाहीत.

रोलर ब्लाइंड, म्हणजे नळीवर गुंडाळला जाणारा पडदा, तुमच्या घरात नकोच. एक तर त्याचं कापड नळीपेक्षा थोडं अरुंद असतं, त्यामुळे दोन्ही कडांना उजेडाच्या रेघा राहतातच. झेब्रा ब्लाइंड, म्हणजे जाळीच्या आणि जाड कापडाच्या आडव्या पट्ट्यांचा, दिसायला छान, पण तो अंधारासाठी नाहीच. आणि मुख्य म्हणजे ब्लाइंडची ती लोंबती गोल साखळी. लहान मुलांच्या गळ्यात अशी साखळी किंवा दोरी अडकून मुलं दगावल्याच्या घटना अनेक देशांत घडल्या आहेत. चार वर्षांची मुलगी पलंगावर चढून खिडकीशी खेळणार. ज्यांच्या घरी आधीच ब्लाइंड आहे त्यांनी ती साखळी आजच भिंतीला खिळवून घ्या किंवा मोठ्या माणसाच्या डोक्याइतकी उंच गुंडाळून ठेवा, आणि पाळणा, पलंग, खुर्ची खिडकीपासून दूर सरकवा.

मिस्टरांचं म्हणणं निम्मं बरोबर आहे. सकाळचा उजेड रात्री झोपणाऱ्या माणसाला उठवतो, ते त्याचं कामच आहे. पण जानेवारीत मुंबईत सूर्य सव्वासातच्या आसपास उगवतो, साडेसहाला पडदे उघडे असोत की बंद, बाहेर अंधारच. उन्हाळ्यात गोष्ट वेगळी, जूनमध्ये सहाच्या सुमारास उजाडतं. तुमच्या नाइटच्या आठवड्यात ते एकटे झोपतात, तेव्हा पडदे त्यांनी उघडे ठेवावेत आणि कामावर निघताना ओढून जावं. तुम्ही आल्यावर खोली तयार असेल. दोघं रात्री घरी असाल तेव्हा रस्त्यावरच्या दिव्यासाठी पडदे ओढा आणि जो आधी उठेल त्याने ते पूर्ण उघडावेत.

आता सासूबाई. त्यांच्याशी वाद घालू नका आणि शास्त्रही सांगू नका. त्यांना एवढंच सांगा की अंधार एका खोलीत आहे, बाकी घर उघडं आहे, आणि तिन्हीसांजेला दिवा लावायच्या वेळी त्या खोलीचे पडदेही उघडे असतील. ते खरंच आहे, कारण तुम्ही चारपर्यंत उठलेल्या असाल. आणि हे सांगायचं काम तुमच्या मिस्टरांचं आहे, तुमचं नाही. आईला मुलगा म्हणाला, 'ती रात्रभर जागते, दहा ते तीन ही तिची रात्र आहे,' तर त्याचं वजन वेगळं पडतं. दुपारी लेक शाळेतून आली की आजीने तिला बैठकीत जेवू घालायचं आणि त्या दाराशी जायचं नाही, एवढं ठरवून टाका. आजीला ही जबाबदारी आपणहून दिली तर त्या ती निगुतीने पार पाडतील असं मला वाटतं. दाराखालच्या फटीला टॉवेलची गुंडाळी लावा. चार्जर आणि टीव्हीचे मिणमिणते दिवे काळ्या इन्सुलेशन टेपने झाका.

अंधाराइतकाच महत्त्वाचा आहे तो उठल्यावरचा उजेड, आणि त्यात बहुतेक नाइटवाले कमी पडतात. जाग आली की लोळत मोबाइल बघू नका. पडदे पूर्ण उघडा, चिक वर गुंडाळा, चहाचा कप घेऊन गॅलरीत किंवा खाली अंगणात अर्धा तास बसा. सकाळी ड्युटीवरून येताना उलट. लोकलमध्ये किंवा रिक्षात काळा गॉगल लावा, पण स्वतः गाडी चालवत असाल तर झोपेच्या भरात तो लावू नका. रोज पडदे उघडण्याचा आणखी एक फायदा म्हणजे मागच्या भिंतीला ओल धरत नाही. कोटिंगचा पडदा पावसाळ्यात दिवसरात्र ओढून ठेवला तर त्याच्या पाठीवर काळे ठिपके येतात. तो गरम पाण्यात धुवायचा नाही, पिळायचा नाही, इस्त्री लावायचीच तर कापडाच्या बाजूने. नाहीतर कोटिंग चिकटतं आणि पापुद्रे सुटतात.

हे सगळं करूनही महिनाभरात फरक पडला नाही, किंवा सात तास झोपूनही ड्युटीवर डुलक्या येत असतील, घरचे म्हणत असतील की तुम्ही मोठ्याने घोरता, तर तुमच्याच हॉस्पिटलमधल्या डॉक्टरांना दाखवा. वॉर्डात हाताशी आहे म्हणून झोपेची गोळी परस्पर घेऊ नका. हे तुम्हाला माहीत आहे, तरी सांगते, कारण थकलेल्या माणसाला ती वाट जवळची वाटते.

पुढची नाइट लागण्याआधीच्या रविवारी एवढं करा: मिस्टरांना चिक बांधायला लावा, पुठ्ठ्याची पट्टी रॉडवर ठेवा आणि बाजूंना वेल्क्रो लावा. तिसरा पडदा आणि पांढरं अस्तर पगार झाल्यावर आणलं तरी चालेल.